माईंचं परदेशी कपाट

भिवंडीच्या कोर्टातल्या वकिलांना पुस्तकांची नावं येत नसत, पुस्तकांचे कपडे येत असत. एखादे काळे कोटवाले घाम पुसत बाररूममागच्या लायब्ररीत शिरत आणि म्हणत, "माई, ती जांभळ्या चौकड्यांची द्या." की माई करारांच्या कायद्याचं पुस्तक काढून देत. हिरव्या रेघांचं म्हणजे पुराव्याचा कायदा. गुलाबी फुलाफुलांचं म्हणजे फौजदारी. ही सोय माईंनीच केली होती. गावात घरटी लूम, कापडाचे तुकडे पोत्यांनी पडलेले, मग पुस्तकांनीच उघडं का राहावं, असा त्यांचा सवाल होता. खंडेनवमीला सगळीकडे लूम पुसून, हार घालून पूजा चाले. त्या दिवशी माई वर्षभरात आलेल्या पुस्तकांना कापडाची कव्हरं चढवत. त्यासाठी सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यातून एक डबा खळ येई. त्या खळीनं चिकटवलेलं न्यायाधीशाच्या हुकमानंसुद्धा सुटलं नसतं.

माईंचं खरं नाव सरला. मी त्यांना ओळखू लागले तेव्हा त्या जेमतेम चाळिशीच्या होत्या, पण अख्खं कोर्ट त्यांना माई म्हणे, सत्तरीचे वकीलसुद्धा. वडील इथलेच मास्तर. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं असं कुणी विचारलं, तर म्हणत, "वाचायचं राहिलं होतं." आणि पुन्हा वाचायला लागत.

त्यांचं वेड होतं परदेशी कायद्यांचं. ते सुरू झालं एक्क्याऐंशी साली. एका मालकानं युरोपातून जुने लूम मागवले होते, ते निम्मे मोडके निघाले. वकिलांनी करार उघडला तर शेवटी बारीक अक्षरात लिहिलेलं, की भांडण झालं तर तिकडचा कायदा लागू. तिकडचा कायदा भिवंडीत कुठून आणायचा? सगळ्या बाररूमनं हातपाय गाळले. माईंनी एक एरोग्राम, म्हणजे परदेशी टपालाचा घडीचा निळा कागद, घेतला आणि त्या देशातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथपालाला सरळ पत्र लिहिलं. 'प्रिय ग्रंथपाल भगिनी' अशी सुरुवात, कारण लायब्ररीत बाईच असणार अशी त्यांची खात्री. दीड महिन्यानं जाडजूड पाकीट आलं. त्यात हवी ती कलमं होती, आणि एका लांब दाढीवाल्या माणसाचा फोटो होता. फोटोमागे लिहिलं होतं, 'मी भगिनी नाही, पण पत्र फार आवडलं.'

झालं! तेव्हापासून माईंचं डोकं फिरलं ते फिरलंच. त्या म्हणत, "वकील उत्तर देत नाही, सरकार उशिरा देतं, ग्रंथपाल मात्र देतोच." मुंबईतल्या वकिलातींमध्ये वाचनाची खोली कुठे आहे, ती कुठल्या वारी उघडी असते, युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत कुठल्या मजल्यावर कुठल्या देशाचे कायदे धूळ खात पडलेत, खलाशांच्या युनियनमध्ये कुणाशी गोड बोललं की बंदरांचे नियम मिळतात, हे सगळं त्यांनी एका लांब वहीत उतरवलं. माई स्वतः समुद्र ओलांडून कधी गेल्या नाहीत, पण मस्कतला नोकरी सोडताना किती दिवसांची नोटीस द्यावी लागते हे शेजारच्या नारपोलीतल्या चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या सांगत. त्यांच्याकडे कुणी परदेशी कायदा घेऊन आलं की त्या आधी विचारत, हा कायदा कुणाचा, कुठल्या तारखेपर्यंतचा, आणि सांगतोय कोण? वहिनीच्या भावानं ऐकलंय वगैरे म्हणाल तर तिथेच धुऊन काढत.

आणि त्यांच्याकडे होता देवू. जवळच्या दिघाशी गावचा आदिवासी, नारपोलीच्या एका रद्दीच्या गोडाऊनमध्ये कागद निवडायला येई. सूत गुंडाळायचे कागदी कोन बनवण्यासाठी तिथे परदेशातून रद्दीचे गठ्ठे येत. त्यात सिनेमाची मासिकं, टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या आणि मधूनच कुठल्याशा लायब्ररीनं फेकलेली कायद्याची पुस्तकं असत. देवूला अक्षरओळख नव्हती. माईंनी त्याला एवढंच शिकवलं होतं, की पुठ्ठा जाड असेल, आत चित्र एकही नसेल, आणि वर तागडी छापलेली असेल तर ते पुस्तक बाजूला ठेवायचं. त्या बदल्यात माई त्याचे जंगलच्या जमिनीचे अर्ज लिहून देत, तहसीलदाराला घाम फुटेल असे. देवू सगळ्यांनाच अरे-तुरे करी, जज्जसाहेबांनासुद्धा. दारातून हाक मारी, "माई, आज तीन तागडीवाली हायेत. एक लई जड हाय, त्यात कायदा जास्ती असंल!"

आता मी या गोष्टीत कुठून आले ते सांगते. मी शुभदा, पाचवी ते सातवीला भूगोल शिकवणारी बाई. शाळेतला नकाशांचा संग्रह उंदरांनी कुरतडून संपवला होता, म्हणून मी माईंकडचा मोठा ॲटलास मागायला जात असे. आणि श्रीनाथ तिथे यायचा आपल्या इथे राहण्याच्या परवान्याची मुदत कशी वाढवायची ते विचारायला. तो दूरच्या एका बेटावरचा. त्या बेटाचं नाव मी इथे लिहीत नाही, सासरची माणसं अजून तिथे आहेत आणि ती वाचतात. त्याचे पूर्वज कधीकाळी आपल्याकडूनच जहाजात बसून तिकडे गेलेले. तो मुंबईत कापडाचं तंत्र शिकायला आला होता आणि लूमवरचं काम बघायला भिवंडीत राहिला होता. मराठी बोलायचा, पण शंभर वर्षांपूर्वीचं. मला पहिल्याच दिवशी म्हणाला, "बाई, आपली कृपा असेल तर पृथ्वी थोडी इकडे सरकवाल काय?" त्याला ॲटलास हवा होता. मी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिले. त्यानं ॲटलासात आपलं बेट दाखवलं. ते नेमकं दोन पानांच्या शिवणीत गेलं होतं, नीट दिसेना म्हणून आम्ही दोघांनी डोकं खाली घातलं, आणि डोक्याला डोकं आपटलं. माईंनी न बघता विचारलं, "सापडलं का?" मला तर सगळंच सापडलं होतं.

पुढचे काही महिने मी वेडी झाले होते, हे कबूल करते. फळ्यावर नद्या काढताना सगळ्या नद्या त्याच समुद्राला मिळवायची. आमच्या घरी भाऊंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी श्रीनाथला जेवायला बोलावलं. अडला तो त्याचा बाप. मी पंचवीस वर्षांची, श्रीनाथ तेवीसचा. 'मुलीचे वय अधिक आहे. संमती नाही,' असं दोन ओळींचं पत्र आलं. श्रीनाथ म्हणाला, बाबांशिवाय करू. मी म्हटलं, करू. आम्ही ठाण्याला जाऊन नोंदणी लग्नाची नोटीस दिली. शहाऐंशीचा नोव्हेंबर चालू होता, आणि जानेवारीच्या एकतीस तारखेला त्याच्या परवान्याची मुदत संपत होती.

नोंदणी अधिकारी म्हणाले, मुलगा परदेशी आहे, तेव्हा त्याच्या देशाच्या कायद्यानं लग्नाला आडकाठी नाही असा वकिलातीचा दाखला आणा. वकिलातीतल्या साहेबांनी फायली चाळल्या आणि सांगितलं, "आमच्या कायद्यानं पंचवीसच्या आत आई-बापांची लेखी संमती लागते. ती आणा, नाहीतर कायदा बदलला आहे असं दाखवा."

श्रीनाथला आई नव्हती. बाप नाही म्हणाला होता. आणि एकदा का तो परत गेला, की बाप पुन्हा येऊ देणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणजे माझं अख्खं आयुष्य आता एका कलमात होतं. मी ठाण्याहून एसटीनं सरळ कोर्टात आले आणि माईंच्या टेबलावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागले. माई म्हणाल्या, "रडून झालं की परदेशी कपाटाची किल्ली घे. तुझ्या नवऱ्याच्या देशाचं पुस्तक आहे आपल्याकडे."

होतं खरं! उन्हाळ्यात देवूनं आणलेल्या गठ्ठ्यात होतं, आणि खंडेनवमीला माईंच्या मदतीला बसून मीच त्याला कपडे केले होते. बाकीच्या पुस्तकांना चौकडी नि रेघा, आणि या एकाला लाल कापड, वर सोनेरी काठ. माई म्हणाल्याही होत्या, "पुस्तक आहे गं, नवरी नाही." आम्ही ते उघडलं. कुटुंबाचा कायदा, एकशे चाळिसावं पान. तिथे स्वच्छ इंग्रजीत छापलं होतं, पंचवीस.

"छापलंय चौऱ्याहत्तर साली," माई म्हणाल्या. "बारा वर्षांत बदललं असेल की नाही, ते हे पुस्तक सांगणार नाही." त्यांनी त्याच संध्याकाळी तिथल्या लायब्ररीला एरोग्राम टाकला. पण उत्तर यायला दोन महिने लागणार, आणि तोवर श्रीनाथ विमानात बसलेला असणार. मुंबईच्या लायब्ररीत त्या बेटाच्या कायद्याची याहून नवी प्रत नव्हती. माई तीन वेळा जाऊन आल्या, दोन ग्रंथपालांशी भांडल्या, एकाशी मैत्री केली. हाती काही लागलं नाही. मी शाळेत विनाकारण मुलांना शंभर शंभर राजधान्या लिहायला लावत होते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी देवू आला. टेबलावर ते लाल पुस्तक तसंच उघडं पडलेलं. त्यानं ते हातात घेतलं, उलटं केलं, मागचा पुठ्ठा चाचपला आणि म्हणाला, "माई, हे माझंच तागडीवालं ना? याच्या पोटातली पोथी कुठं गेली?"

"कसली पोथी रे?"

"पातळ व्हती. मागं पुठ्ठ्याला कागदाचा खिसा, त्या खिशात. सांडल म्हणून मी वरनं सुतळी बांधून दिलती. आता खिसाबी न्हाय नि पोथीबी न्हाय."

माईंनी माझ्याकडे पाहिलं. मी लायब्ररीच्या छताकडे पाहिलं. छत अचानक फार प्रेक्षणीय वाटायला लागलं होतं.

आता कबुली. आपल्याकडच्या कायद्याच्या पुस्तकांत दुरुस्ती आली की सरकार छापील पट्ट्या पाठवतं, आणि त्या त्या-त्या पानावर चिकटवायच्या असतात. माईंचा मला पहिल्या दिवसापासून दम होता, "सुटा कागद दिसला की चिकटव. सुटा राहिला की हरवला." त्या लाल पुस्तकाच्या मागे मला एक फाटका वाटणारा खिसा दिसला आणि त्यात एक सुटं, पातळ चोपडं दिसलं. माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या देशाचं काही हरवायला नको! मी खिशावर, चोपड्यावर, चारी कडांना मनापासून खळ फासली, वर पांढरा कागद लावला, त्यावर लाल कापड ओढलं, आणि रात्रभर वजनाखाली दाबून ठेवलं. काय सुबक काम झालं होतं! माईंनी शाबासकी दिली होती.

हे सगळं मी एका दमात सांगितलं. माई ओरडतील म्हणून डोळे मिटून घेतले. पण माई स्वतःच्याच कपाळावर हात मारत होत्या. "चिकटव म्हणून सांगणारी मीच ना! अगं, तिकडे दुरुस्त्या पुस्तकाच्या खिशात येतात हे मी नुसतं वाचलं होतं, पाहिलं कधी नव्हतं. आणि पाहायच्या आत आपण खिसाच चिकटवून टाकला!" मग एकदम उभ्या राहिल्या. "चहावाल्याची किटली आणा!"

पुढचा अर्धा तास कोर्टाचं कामकाज चालू होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. बाररूमच्या दारात स्टोव्हवर किटली खदखदत होती. माईंनी पुस्तक वाफेवर धरलं होतं, देवू चाकूच्या टोकानं कापडाची कड उचलत होता, आणि भोवती नऊ वकील उभे राहून सल्ले देत होते. आयुष्यात कधी एकमत न झालेले ते नऊ जण या एका बाबतीत एक झाले होते, की वाफ कमी पडतेय. केस पुकारली म्हणून शिपाई बोलवायला आला तो तिथेच थांबला. लाल कापड सुटलं. पांढरा कागद सुटला. खिसा उघडला. ओलं, फुगलेलं, चहाच्या वासाचं चोपडं बाहेर आलं. वर तारीख होती जून एकोणीसशे ब्याऐंशी.

माईंनी एकेक पान अलगद सोडवलं. मी बघूच शकत नव्हते. मी देवूचा दंड इतका घट्ट धरला होता की तो म्हणाला, "बाई, हात तुटंल माझा."

"एकशे चाळिसावं पान," माई वाचायला लागल्या. "पंचवीस या शब्दाऐवजी एकवीस हा शब्द वाचावा."

मी किंचाळले. खरंच किंचाळले, कोर्टाच्या आवारात, शिक्षिका असून. एक वकील टाळ्या वाजवायला लागले, दुसऱ्यांनी 'हुकूमनामा झाला!' म्हणून आरोळी ठोकली. देवूला काय झालं ते नीट कळलं नव्हतं, तरी तो सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसत होता. मी माईंना मिठी मारली, देवूला मिठी मारली, आणि भरात त्या शिपायालाही मारणार होते. मग तशीच श्रीनाथ काम करत होता त्या लूमवर पळत गेले. तिथल्या खडखडाटात त्याला काही ऐकू जाईना. मी दोन बोटं नि एक बोट दाखवत राहिले, एकवीस, एकवीस! तो घाबरला. त्याला वाटलं मी एकवीस लूम बंद करायला सांगतेय.

दोन दिवसांनी माई, मी आणि श्रीनाथ वकिलातीत गेलो. तिथे साहेबांच्या मागे पुस्तकांचं कपाट होतं. माईंनी ते पाहिलं मात्र, माझं लग्न विसरून गेल्या. वही काढून नावं उतरवायला लागल्या. माझा विषय निघायला चाळीस मिनिटं लागली. साहेबांनी ते फुगलेलं चोपडं हातात घेतलं, त्यावरचा सरकारी छापा पाहिला, क्रमांक आपल्या राजपत्राच्या यादीशी ताडून पाहिला, आणि खुर्चीत मागे रेलले. "मॅडम, हे आमच्याकडेच नाही. तुम्हाला कुठं मिळालं?"

"नारपोलीला," माई म्हणाल्या, जणू नारपोली ही कायद्याची काशी आहे.

साहेबांनी त्याची झेरॉक्स ठेवून घेतली, आमच्यापुढे चहा ठेवला आणि दाखल्यावर शिक्का मारला. परत येताना बसमध्ये माई म्हणाल्या, "शुभदा, एका देशाला त्याचाच कायदा आपण पुरवला." आणि मानकोलीपर्यंत स्वतःशीच हसत राहिल्या.

जानेवारीत लग्न झालं. तीन साक्षीदारांपैकी माई एक, देवू एक, देवूनं अंगठा उठवला. मी आनंदात होते, आकाश ठेंगणं झालं होतं. पण श्रीनाथ सही करताना दाराकडे दोनदा पाहताना मी पाहिला. बेटावरून कोण येणार होतं? तरी तो बघत होता, आणि मला त्याच्या बापाचा इतका राग आला की काय सांगू. घरी आल्यावर मी म्हटलं, मी त्या सासऱ्याला त्या पानाची झेरॉक्स पाठवणार, वर लाल शाईत लिहून, 'घ्या तुमची संमती!' माईंनी लाल पेन माझ्या हातातून काढून घेतलं. झेरॉक्स त्यांनीच पाठवली. सोबत लिहिलं, 'आपणास, व आपले कोणी वकीलसाहेब असल्यास त्यांस, माहितीसाठी. मुलं सुखात आहेत. कायद्यात न बसणाऱ्या गोष्टींची मात्र आम्ही इथे वाट पाहतो.' मला ते फार मवाळ वाटलं. मी तसं बोलूनही दाखवलं.

मार्चमध्ये एक दिवस मी पाचवी 'ब'ला द्वीपकल्प शिकवत होते. बाहेर चपलांचा आवाज आला आणि दारात माई. पुस्तकांचं काम नसेल तर कामाच्या वेळी लायब्ररी सोडून माई कधी कोर्टाच्या फाटकापर्यंतही येत नसत. इथे त्या कोर्टापासून शाळेपर्यंत धावत आल्या होत्या, केस सुटलेले, श्वास लागलेला, हातात निळा कागद.

"बस," त्या मला म्हणाल्या, माझ्याच वर्गात. मी बसले. त्यांनी चाळीस मुलांसमोर मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पत्र त्यांच्याच नावावर आलं होतं, पहिलीतल्या मुलासारख्या मोठ्या मोठ्या अक्षरांत.

'सरलाबाईंस नमस्कार. आमच्या वकिलाने मला पंचवीस सांगितले, त्याजकडे जुने पुस्तक होते. मला वाटले, दोन वर्षे माझ्या हातात आहेत. दोन वर्षांत राग जाईल आणि मी हो म्हणेन, असा माझा हिशेब होता. तुमच्या कागदाने माझी दोन वर्षे घेतली. आता मला कोणी विचारत नाही, कायदाही नाही. कोणी विचारत नसताना सांगतो, माझी संमती आहे. सून मोठी आहे ते बरे, माझा मुलगा धांदरट आहे. त्या दोघांस हे आजच सांगावे, उद्या नको.'

मुलांना काही कळलं नाही, पण माई रडत हसतायत असं पाहून त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या माणसाला चार महिने शिव्या घातल्या होत्या. मला एकदम त्याची इतकी माया आली, की मी खडू हातात तसाच धरून, वर्ग तसाच टाकून, श्रीनाथला सांगायला पळाले. माई माझ्या मागून ओरडत होत्या, "अगं, पत्र तरी घेऊन जा!"